पिवळ्या भिंतींची खोली



गेल्या पावसाळ्यात ७८ वर्षांच्या एका आजींची सून माझ्याकडे आली. "डॉक्टर, आई रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसतात. भिंतीवर तर एकही मुंगी नाही." वृद्धापकाळी असा संभ्रम अचानक उद्भवला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियमची घट आणि औषधांचे परिणाम यांचा विचार प्रथम करावा लागतो. तपासण्या करवून घेतल्या. त्यांत काही आढळले नाही. अखेर एका संध्याकाळी घरी जाऊन मी आजींच्याच खाटेवर बसलो. मुलाने हौसेने लावलेल्या फिकट पिवळ्या वॉलपेपरवर बारीक तपकिरी पाकळ्यांची नक्षी होती. मंद दिव्यात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, त्या पाकळ्या मुंग्याच भासत होत्या. हे मला आधीच सुचावयास हवे होते.

दोष पिवळ्या रंगाचा नव्हता. चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फिकट पिवळी भिंत प्रकाश परावर्तित करून खोली उजळ ठेवते, आणि वृद्धांना त्याची गरज असते. कारण साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मात्र वयाबरोबर डोळ्यातील भिंगही पिवळसर होत जाते आणि पांढरा व फिकट पिवळा यांतील भेद पुसट होतो. पिवळ्या भिंतीवरील पांढरे बटण, पांढरी चौकट, पांढरा आधारदांडा रात्री दिसत नाही. हात चुकतो, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

म्हणून भिंत निवडताना काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. वॉलपेपर साधा, बिननक्षीचा व बिनचकाकीचा असावा. चकाकीने मोतीबिंदूच्या डोळ्यांवर तिरीप येते. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या खोलीत तर नक्षी टाळावीच. बटणांभोवती व न्हाणीघराच्या चौकटीला गडद निळी किंवा तपकिरी पट्टी द्यावी. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा.

आपल्या इचलकरंजीत आणखी एक सावधगिरी हवी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथील भिंतींत ओल असू शकते. अशा भिंतीवर प्लास्टिकचा थर असलेला वॉलपेपर लावला, तर ओल आत कोंडते आणि कागदामागे बुरशी वाढते. दम्याच्या रुग्णाचा खोकला खोलीत गेल्यावर वाढत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर कागदाची कड उचलून पाहावी. भिंत पूर्ण वाळेपर्यंत चुन्याचाच हात बरा. त्यातून ओल बाहेर पडते.

जुना पिवळा तैलरंग कोरडा खरवडू नये. पूर्वी अशा रंगांत शिशाचे क्रोमेट वापरले जाई. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग काढावयाचा असल्यास तो ओला करून काढावा आणि त्या वेळी नातवंडांना व वृद्धांना दूर ठेवावे.

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची १८९२ साली प्रसिद्ध झालेली 'पिवळा वॉलपेपर' या अर्थाच्या शीर्षकाची एक कथा आहे. डॉक्टर पती विश्रांतीच्या नावाखाली पत्नीला एका खोलीत ठेवतो. दिवसरात्र भिंतीकडे पाहून तिला नक्षीमागे कोंडलेली बाई दिसू लागते. ती कथा आठवली की मला आमच्या आजींची खाट आठवते. ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, आणि दिवसभर घरातील सारे कामावर असत.

त्या भिंतीवर आता साधा पिवळा रंग आहे. दिवाळीनंतर आजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. खाट खिडकीशी हलविली असून सून संध्याकाळचा चहा तेथेच घेते. मुंग्यांची तक्रार पुन्हा आलेली नाही.

आपल्या घरातील वृद्धांची खोली सजविण्यापूर्वी दिवेलागणीला दहा मिनिटे त्यांच्या खाटेवर बसून पाहा, आणि रंग कोणता हवा, हे त्यांनाही विचारा.