दंतवैद्याच्या खुर्चीत मधुमेहाची चाहूल

दात हलू लागला, हिरडीतून रक्त येऊ लागले, की आपल्याकडील मध्यमवर्गीय माणूस प्रथम लवंगेच्या तेलाचा बोळा धरतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, आणि एवढ्याने न भागल्यास नाइलाजाने दंतवैद्याचा जिना चढतो. दंतवैद्य दात पाहतो, साफ करतो, भरतो किंवा काढतो. रुग्ण पैसे देऊन घरी जातो आणि उभयतांचे समाधान होते. परंतु त्या हलणाऱ्या दाताच्या मुळाशी रक्तात वाढलेली साखर तर नाही ना, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. हा प्रश्न दंतवैद्याने विचारावा, किंबहुना त्याची प्राथमिक तपासणी आपल्याच दवाखान्यात करावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाची व्याप्ती प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यांपैकी फार मोठ्या संख्येला आपल्या विकाराची कल्पनाच नाही. मधुमेह प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही. दिवसभर टेबलाशी बसून काम करणारा कारकून किंवा सलग तास घेणारा शिक्षक थकव्याचे खापर कामावर फोडतो आणि वारंवार लागणाऱ्या तहानेचे खापर उन्हाळ्यावर. पुढे दृष्टी मंदावते, मूत्रपिंड कुरकुरू लागते, पायाची जखम भरत नाही, तेव्हा निदान होते. तोवर बरीच वर्षे हातची गेलेली असतात.

तोंड मात्र पुष्कळदा त्यापूर्वीच बोलू लागते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ उणावते, आणि दात व हिरडी यांमधील फटीत जंतूंना मोकळे रान मिळते. हिरडी दातापासून सुटते, आतील हाड झिजते व दात खिळखिळा होतो. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या मधुमेहाच्या पाच परिचित उपद्रवांच्या जोडीला हिरड्यांचा विकार हा सहावा उपद्रव मानावा, असे हाराल्ड लो या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञाने १९९३ सालीच मांडले. हा मार्ग दुतर्फा आहे. हिरड्यांतील जुनाट दाह शरीरातील इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो. उलट, हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास मधुमेही रुग्णाच्या तीन-चार महिन्यांनंतरच्या एचबीएवनसी चाचणीचा आकडा सरासरीने सुमारे ०.४ने उतरतो, असे २०२२ सालच्या एका व्यापक संशोधन-समीक्षेत आढळले. आपल्या परंपरेलाही ही खूण अगदीच अनोळखी नव्हती. सुश्रुतसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, घसा, जीभ व दात यांवर साचणारा मळ यांचा स्पष्ट निर्देश आहे.

ही खूण व्यवहारात कितपत उपयोगी पडते? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली याचे उत्तर दिले. ज्यांना मधुमेह असल्याचे पूर्वी कोणी सांगितले नव्हते, परंतु ज्यांच्यात त्याचा धोका संभवत होता, अशा रुग्णांची त्यांनी दंतचिकित्सालयातच तपासणी केली. चार किंवा अधिक दात गेलेले असणे आणि चतुर्थांशाहून अधिक दातांभोवती हिरडीत खोल कप्पे पडलेले असणे, एवढ्या दोनच खुणांवरून मधुमेहाचे अथवा त्याच्या पूर्वावस्थेचे ७३ टक्के अज्ञात रुग्ण ओळखता आले. बोटातील रक्ताच्या थेंबावर केलेल्या एचबीएवनसी चाचणीची जोड दिल्यावर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले.

मग दंतवैद्यांचे याविषयी म्हणणे काय? अमेरिकेतील १,९४५ दंतवैद्यांच्या उत्तरांवर आधारलेली एक पाहणी तेथील दंतवैद्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाली. मधुमेहासाठी रुग्णांची तपासणी करणे महत्त्वाचे आहे, असे त्यांपैकी ७६.६ टक्क्यांनी सांगितले. रुग्णाला वैद्याकडे पाठविण्यास ९६.४ टक्के तयार होते, लाळेचा नमुना घेण्यास ८७.७ टक्के राजी होते. परंतु बोटाला सुई टोचून रक्त घेण्याची तयारी मात्र ५५.९ टक्क्यांनीच दर्शविली. ज्यांचा हात हिरडीत भुलीची सुई टोचताना किंवा दाढ उपटताना कचरत नाही, तेच बोटावरील रक्ताच्या एका थेंबाशी अडखळावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. येथे कौशल्याचा अभाव नाही. ‘हे आपले काम नव्हे’ ही समजूत आड येते. वेळ, खर्च, कायदेशीर जबाबदारी आणि रुग्णाची इच्छा हे प्रश्न या दंतवैद्यांना महत्त्वाचे वाटत होते. पुढे २०१८ पासून तेथील दंतोपचारांच्या संकेतावलीत, दवाखान्यातच करावयाच्या एचबीएवनसी चाचणीला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे व्यवसायाने हे काम आपल्या वहीत नोंदवून घेतले.

आपल्याकडेही हेच आक्षेप घेतले जातील, आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. दंतवैद्याने मधुमेहाचे निदान वा उपचार करू नयेत, हे निर्विवाद. परंतु शंका येणे वेगळे, निदान करणे वेगळे. दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात सामान्य वैद्यक हा विषय शिकविला जातो. तो केवळ परीक्षेपुरता होता काय? शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या मधुमेह-तपासणीची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती दारोदार जाऊन प्रश्नावली भरून घेते, आरोग्य केंद्रातील परिचारिका बोटातून थेंब घेते. जे काम परिचारिका करू शकते, ते पाच वर्षे शिकलेल्या दंतवैद्याच्या आवाक्याबाहेरचे मानणे हा त्याचाच अधिक्षेप ठरेल. खर्चाचे म्हणावे, तर ग्लुकोमीटरच्या एका पट्टीची किंमत दाढ भरण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

मात्र उत्साहाच्या भरात काही पथ्ये विसरून चालणार नाही. आपल्याकडील रुग्ण बहुधा ठणका असह्य झाल्यावरच येतो. वेदनेने, जंतुसंसर्गाने व भीतीने रक्तातील साखर तात्पुरती वाढू शकते. तेव्हा एका आकड्यावरून कोणावर मधुमेहाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. एचबीएवनसी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते खरी, परंतु रक्तक्षय किंवा सिकलसेल यांसारख्या विकारांत तीही दिशाभूल करू शकते. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत याचे भान विशेषच ठेवावयास हवे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या तपासणीनंतर पुढे काहीच घडत नाही, ती तपासणी रुग्णाच्या पदरी केवळ धास्ती टाकते.

आणि धास्ती ही आपल्या समाजात लहान गोष्ट नव्हे. ‘हात दाखवून अवलक्षण’ कशाला, अशा विचाराने तपासणी टाळणारी सुशिक्षित माणसे प्रत्येक कचेरीत व शिक्षकांच्या प्रत्येक खोलीत आढळतील. मुलीचे लग्न ठरावयाचे असेल, तर घरातील मधुमेहाचा उच्चारही टाळला जातो. म्हणूनच ही तपासणी रुग्णाच्या संमतीने, खासगीत आणि दोन समजुतीच्या शब्दांसह व्हावयास हवी. ‘तुमच्या हिरड्या पाहून मला एक शंका येते, एकदा साखर पाहून घेऊ’ एवढे सांगावयास दोन मिनिटेही लागत नाहीत.

याची सुरुवात कोठून करावी? दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतून ती सहज होण्यासारखी आहे. तिशी उलटलेल्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या आई-वडिलांच्या मधुमेहाविषयी व पूर्वीच्या तपासण्यांविषयी विचारावे. हिरडीत खोल कप्पे किंवा अकाली दात गेल्याच्या खुणा दिसल्यास त्याची साखर तपासावी. संशय आल्यास वैद्याच्या नावे लेखी चिठ्ठी द्यावी, आणि पुढील भेटीत त्या चिठ्ठीचे काय झाले, याची चौकशी करावी. ही चौकशी सर्वांत महत्त्वाची, कारण नेमक्या याच ठिकाणी आपल्या बहुतेक योजना गळतात. विद्यार्थीदशेत जडलेली ही सवय उद्याचा दंतवैद्य आपल्या खासगी दवाखान्यात घेऊन जाईल.

तोवर सामान्य वाचकाच्या हातीही काही आहे. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, पन्नाशीच्या आतच दात हलू लागले असतील, तर ‘आमच्या घराण्याचे दातच कच्चे’ असे म्हणून त्याने स्वस्थ बसू नये. दंतवैद्याच्या खुर्चीतून उठताना ‘माझी साखर एकदा पाहावी का?’ असे आपणहून विचारावे. आज रोगाचे मूळ रक्तात आणि उपचार केवळ दातावर, अशी आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी ही अवस्था आहे. तिच्यात गेलेला दात कृत्रिम बसविता येतो. गेलेली दृष्टी आणि निकामी झालेले मूत्रपिंड इतक्या सहजासहजी परत मिळत नाही.