दोन महिन्यांत येतं ते म्हातारपण नव्हे

'वय झालं, आता असंच चालायचं,' हे वाक्य दोंडाईच्यात रोज ऐकतो आणि रोज चिडतो. म्हातारपण वर्षांनी येतं. धडधाकट माणूस दोन महिन्यांत पोराला ओळखेनासा झाला, तर तो आजार आहे.

त्यातलाच एक क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजे प्रायॉनचा आजार. वर्षाला १० लाखांत एक-दोघांना होतो. मेंदूतलंच एक प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालतं. घडीचा प्रकार बदलला की मार बसणारा भागही बदलतो. मेंदूच्या वरच्या थराला मार बसला, तर स्मृती जाते. लहान मेंदूला बसला, तर आधी तोल जातो (घरच्यांना दारूचा संशय येतो!). मागच्या, दृष्टीच्या भागाला बसला, तर डोळे चांगले असूनही दिसत नाही. घरचे चष्मे बदलत बसतात. थॅलॅमसला बसला, तर झोपच उडते.

यावर औषध नाही. 'मग तपासायचं कशाला?' कारण हुबेहूब असाच दिसणारा, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर हल्ला केल्याने होणारा मेंदूदाह वेळेत उपचार झाले तर बरा होऊ शकतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडही तसेच. तेव्हा भगताकडे जाण्यात आठवडे घालवू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, एमआरआय करा, आणि त्रास कोणत्या तारखेला, कशापासून सुरू झाला ते कागदावर लिहून न्या.