रबर किती कडक असावे?

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात. तारकर्लीपासून कळंगुट-बागापर्यंत जेट स्की उघडून पाहायला याच महिन्यांत सवड मिळते. इंजिनाखालचे माउंटिंग फाटलेले दिसले की अनेकदा एकच निर्णय होतो: मूळचे मऊ होते म्हणून गेले, आता मिळेल ते सर्वांत कडक टाका. खवळलेल्या पाण्यात चालणाऱ्या यंत्राला थोडे कडक रबर लागते, हे आम्हालाही मान्य आहे. पण इंजिन किती हलते एवढ्यावरून माउंटिंग ठरवू नये. ते हलल्यावर शाफ्टची रेषा किती ढळते आणि हलला किती कंप पोचतो, या दोन्ही गोष्टी पाहून ठरवावे.

लाटेवरून उडी घेताना पंपात पाण्याऐवजी हवा शिरते, भार उतरतो आणि इंजिनाचे फेरे एकदम चढतात. खाली आपटताच पंप पुन्हा पाणी पकडतो. त्या क्षणी माउंटिंगवर दुहेरी मार बसतो, कारण इंजिनाचे वजन खाली दाबते आणि शाफ्टचा पीळ इंजिनाला एका बाजूला कलंडवतो. थकलेले रबर इतके दबते की कपलिंगची दोन्ही तोंडे समोरासमोर राहत नाहीत. मध्ये रबरी डँपर असलेल्या कपलिंगभोवती काळी भुकटी साचलेली दिसते, ती यामुळेच. पुढे बेअरिंग जाते, मग सील, आणि शेवटी हलमध्ये पाणी येते. इथपर्यंत कडक रबराचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे.

पण आयडलिंगचा हिशेब मांडून पाहा. तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला सरासरी दीड स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला १३०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ३२ धक्के. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला १५ धरली, तर तिच्या साधारण १.४ पटीपुढे, म्हणजे २१ च्या वर, रबर कंप अडवू लागते. ३२ धक्क्यांना ते नीट पुरते. त्याच मापाच्या शोअर ए ५० च्या रबराजागी ७० चे टाकले की ताठरपणा दुपटीच्या आसपास जातो. कंपनसंख्या २१ होते आणि कंप अडायला ३० पासून सुरुवात होते. आयडलिंगला रबराचा उपयोग जवळजवळ संपला. ताठरपणा चौपट केला तर कंपनसंख्याच ३० वर जाते, धक्क्यांशी जुळते आणि कंप उलट वाढतो. ॲल्युमिनियमचे भरीव ठोकळे सगळा कंप थेट बेडमध्ये आणि त्यातल्या इन्सर्टमध्ये उतरवतात. फायबरच्या हलमधला बेड एकदा सुटला, की तो खर्च माउंटिंगच्या संचाहून कितीतरी मोठा असतो.

लाटांत कसरती करणारे भरीव ठोकळे वापरतात, मग आम्ही का नको, असा प्रश्न येईल. त्यांचे यंत्र हलके, उभ्याने चालवायचे, थोडा वेळ जोरात फिरवून पुन्हा उघडून तपासले जाणारे असते. भाड्याची जेट स्की दिवसभर फिरते आणि गिऱ्हाइकांच्या चढउतारात बराच वेळ आयडलिंगलाच असते. मूळचे रबर फाटले त्याअर्थी ते कमीच पडले, हा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, पण त्याआधी फाटलेला तुकडा हातात घेऊन बघा. लोखंडी पट्टी उघडी पडून गंजली असेल, तर खाऱ्या पाण्याने जोड सोडवला आहे. रबर फुगून चिकट झाले असेल, तर दोष हलमध्ये साचलेल्या तेलाचा किंवा पेट्रोलचा. दोन्ही बाजूंना रबर चिकटलेले आणि मधूनच फाटलेले असेल, तरच ते मारापुढे कमी पडले असे म्हणता येते, आणि तेही रबर जुने नसेल तर.

तसे आढळले तर मूळच्यापेक्षा एकच पायरी कडक रबर घ्या. रबर तुटले तरी दोन्ही धातूचे भाग एकमेकांत अडकून राहतील, अशी घडण असेल तर उत्तमच. पूर्ण संच एकदम बदला. एक नवे आणि तीन दबलेली असली की इंजिन तिरके बसते. जुने शिम ज्या कोपऱ्याचे त्या कोपऱ्याच्या नावाने बांधून ठेवा, पण तसेच परत घालून मोकळे होऊ नका. कपलिंग सरळपट्टी आणि फिलर गेजने वर, खाली व दोन्ही बाजूंना मोजा. नवे रबर सुरुवातीच्या काही तासांत दबून बसते, त्यामुळे हेच माप हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा घ्यावे लागेल. त्या अर्ध्या दिवसासाठी यंत्र भाड्यावरून काढायची तयारी मालकाकडून आत्ताच कबूल करून घ्या.