कंबर आणि बंपर

माणूस गाडी घेताना जेवढा उदार असतो, तेवढाच ती धुताना चिक्कू होतो, असे माझे नायगावात राहून बनलेले ठाम मत आहे. लाखांची गाडी दारात येते, सीटला कव्हर चढतात, पुढे लिंबू-मिरची लटकते, आणि धुवायला काय? तर मालकाचा फाटका बनियन! बनियन हा आपल्याकडचा एकमेव इसम, की जो निवृत्त झाल्यावरच खरा कामाला लागतो.

आता आमच्याकडची माती कशी, तर काळी. ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की खपली धरते. पावसाळ्यात एकदा शेताकडे जाऊन आलेली गाडी पोळ्याच्या मातीच्या बैलासारखी दिसते. ही खपली कोरड्या बनियनने घासणे म्हणजे रंगाला पॉलिशपेपर लावणे. पण शेजारचे गुरुजी फाटकावर रेलून सांगतात, "सर, जरा जोर लावा की!" हा जोर हातातून येतो असा त्यांचा समज आहे. तो येतो कंबरेतून, आणि कंबर माझी असते.

त्यात पाणी. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. हौदापासून दहा खेपा केल्या की झाले दीड क्विंटल. या वयात मी तुरीच्या पोत्याला हात लावला तर घरात आरडाओरडा होईल. बादल्यांना मात्र "तेवढाच व्यायाम" म्हणतात!

म्हणून मी सरळ सामान आणले. लांब दांड्याचा मऊ ब्रश, मायक्रोफायबरची फडकी, टपासाठी भक्कम चौरंग, आणि चाकांसाठी सुताराकडून चार चाके लावून घेतलेला पाट. त्यावर बसून मी टायर ते टायर घरंगळत जातो. बादल्या दोनच, एक साबणाची, दुसरी फडके खळबळायची, म्हणजे काढलेली रेती परत गाडीवर जात नाही. प्रेशरचा छोटा पंपही घेतला. मोकळ्या पाइपापेक्षा त्याला पाणी कमी लागते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या भागात तरी विसरू नये.

"पण एवढं महागाचं कशाला?" हा गुरुजींचा पुढचा प्रश्न. अहो, स्वस्त दांडा पाचव्या मिनिटाला आपली उंची कमी करून घेतो, की मग आपल्यालाही करावी लागते. फडक्याची शिवण जाड असली तर ती रंगावर रेघोट्या ओढते, आणि त्या घालवायला पुन्हा वाका.

गुरुजींचे खरे उत्तर वेगळेच आहे. "आम्ही कुठं धुतो? वॉशिंगवाल्याचं पोरगं धुतं." झाले! म्हणजे जो वाकतो तो सामान विकत घेत नाही, आणि जो घेतो तो वाकत नाही. घरातल्या आखूड झाडूचे रहस्यही हेच. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना खुरपणीसाठी बुटक्या दांड्याची कुदळ देत. मुकादमाला ती फार आवडे, कारण कोण उभा राहून विसावला ते लांबूनच दिसे. पाठी मोडल्या, मजूर कोर्टात गेले, आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. आमच्या खुरप्याला आणि झाडूला अजून कोणी कोर्टात नेलेले नाही.

वॉशिंगवाल्याला मी म्हटले, "बाबा, पोराला दांड्याचा ब्रश तरी आण." तो म्हणाला, "सवय हाय सर त्याला." पोरगे सोळा-सतराचे, उभे राहताना गुडघ्यावर हात ठेवून उठत होते. ब्रश येईल त्या दिवशी गाडी आणीन, असे त्याला सांगून ठेवले आहे. ब्रश अजून आलेला नाही, तेव्हा गाडी मीच धुतो.

अडचण एवढीच, की चाकांचा पाट गेल्या रविवारपासून स्वयंपाकघरात आहे. ज्वारी निवडायला तो फार बरा पडतो म्हणे.