दुरुस्तीनंतरही सुरू न होणारी पिकअप : सुटे भाग बदलण्याआधी निदान हवे

भाजीपाला, फुले, दूध यांसारखा नाशवंत माल बाजारात पोहोचविण्यात जुन्या डिझेल पिकअपचा वाटा मोठा आहे. असे वाहन बंद पडले की नुकसान होतेच. परंतु गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेले वाहन पहाटे सुरू झाले नाही, तर नुकसान अधिक होते. कारण त्या वाहनाच्या भरवशावर तोडणी झालेली असते, मजूर लावलेले असतात आणि माल क्रेटमध्ये भरून तयार असतो. अशा वेळी घाईने बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग डिझेल पंप. खर्च वाढत जातो आणि दोष जागेवरच राहतो. सुटे भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे, ही जाणीव शेतकरी, मिस्त्री आणि विस्तार कार्यकर्ते या तिघांतही रुजणे आवश्यक आहे.

हात कशाला लागला?

दुरुस्तीपूर्वी वाहन सुरू होत होते काय, हा पहिला प्रश्न आहे. होत नसेल, तर मूळ दोष अद्याप सापडलेलाच नाही. होत असेल, तर नवा दोष बहुधा दुरुस्तीच्या वेळी उघडलेल्या, सोडलेल्या किंवा हलविलेल्या भागांतच असतो. त्यामुळे कोणता भाग नवा बसविला एवढेच विचारून भागत नाही. तो बसविण्यासाठी काय काय काढावे लागले, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

क्लच प्लेट बदलण्याचे काम हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बहुतेक वाहनांत सेल्फही काढावा लागतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स यांना चॅसीशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी याच वेळी सोडली जाते. ती परत जोडायची राहिली, किंवा गंजलेल्या, रंगलेल्या पृष्ठभागावर आवळली गेली, तर दिवे व्यवस्थित लागतात. पण चावी फिरविताच केवळ ‘कट्’ असा आवाज येतो. दिव्यांना थोडा विद्युतप्रवाह पुरतो, सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. वाट न मिळालेला हा प्रवाह कधी कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापते. अशा वाहनाला नवी बॅटरी घालून काहीही साध्य होत नाही.

आधी लक्षणे, मग पाने

निदानाची दिशा लक्षणांवरून ठरते. तपासणीपूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा.

इंजिन फिरतच नसेल किंवा मंद फिरत असेल, तर प्रश्न विजेचा समजून साध्या मल्टिमीटरने सुरुवात करावी. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या बराच खाली गेला, तर बॅटरी दुर्बल आहे किंवा सेल्फ वा इंजिन जड झाले आहे. उलट आकडा १२ च्या वर राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा सेल्फमधून वाहत नाही, असा अर्थ होतो. मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास अर्थिंगमध्ये दोष आहे. ही तपासणी काही मिनिटांची आहे.

इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नसण्याची शक्यता अधिक. फिल्टर बदलल्यावर किंवा नळी सोडल्यावर आत एअर धरते. ती हातपंपाने काढावी लागते. जुन्या यांत्रिक पंपावर इंजिन बंद करणारा विद्युत सोलेनॉइड असल्यास चावी चालू करताच त्याचा बारीक आवाज यावा. त्याची एकच वायर निसटली, तरी चांगल्या पंपातून डिझेल पुढे जात नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन आणि टायमिंग तपासावे. टायमिंग बेल्ट, हेड किंवा पंपाचे काम झाले असेल, तर खुणा जुळल्याची खात्री होईपर्यंत सेल्फ मारू नये व वाहनाला धक्काही देऊ नये. खुणा चुकल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

कॉमन रेल इंजिनाच्या नळ्या मात्र अशा तपासणीसाठी कधीही सैल करू नयेत. त्यांतील दाब १००० बारपेक्षाही अधिक असू शकतो आणि डिझेलची धार त्वचेत घुसते.

शोधाचीही मजुरी असते

दोष केवळ मिस्त्रीवर ढकलणे न्याय्य ठरणार नाही. दोन तास शोध घेऊन एक वायर जोडणाऱ्याला ग्राहक क्वचितच समाधानाने पैसे देतो. नवा पंप बसविणाऱ्याला मात्र देतो, कारण पंप डोळ्यांना दिसतो. जोवर निदानाला मोल नाही, तोवर सुटे भाग विकले जाणारच. शेतकऱ्यांनी तपासणीची मजुरी स्वतंत्रपणे देण्याची तयारी ठेवावी आणि त्याबदल्यात तीन गोष्टी मागाव्यात : काय सोडले व काय बदलले याची लेखी नोंद, काढलेला जुना भाग, आणि वाहन ताब्यात घेण्यापूर्वी इंजिन थंड असताना सुरू करून दाखविणे. गरम इंजिन सहज सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाचीच असते.

विस्तार यंत्रणेपुढेही येथे काम आहे. मध्य प्रदेशातील बुदनी, हरियाणातील हिसार, आंध्र प्रदेशातील गार्लदिन्ने आणि आसाममधील विश्वनाथ चारियाली येथे केंद्र शासनाच्या कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहेत; कृषी विज्ञान केंद्रांतूनही यंत्रदेखभालीची प्रशिक्षणे होतात. त्यांचा भर साहजिकच ट्रॅक्टर आणि अवजारे यांवर असतो. तथापि बॅटरी, अर्थिंग, डिझेलमधील एअर आणि हीटर प्लग यांचे शास्त्र ट्रॅक्टरला आणि पिकअपला सारखेच लागू आहे. या प्रशिक्षणांत मल्टिमीटरच्या वापराचे एक प्रात्यक्षिक जोडले आणि गावातील मिस्त्रींनाही बोलाविले, तर वेगळ्या योजनेची गरज भासणार नाही.

पिकावर डाग दिसताच औषध फवारू नका, आधी कीड आहे की रोग की अन्नद्रव्याची कमतरता हे ओळखा, असे विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्यांना सतत सांगत आले आहेत. तोच न्याय वाहनाला लावला, तर जुनी पिकअप आणखी काही हंगाम विश्वासाने चालेल आणि तोडलेला माल वेळेवर बाजारात पोहोचेल.