आधी अभंग, मग सुरबहार

लिहायला बसताना कोणतं संगीत लावावं, हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या लेखकाला मनःस्थितीपुरता पडत असेल. भिलाईजवळच्या बोरसीत राहून मराठी लिहिणाऱ्याला तो भाषेचाच प्रश्न असतो. बाजारात, बँकेत, शेजारी दिवसभर हिंदी बोलायची, येता-जाता कानावर छत्तीसगढी पडत राहायची आणि रात्री कागद पुढे ओढला की पहिलं वाक्य उतरतं ते हिंदीच्या वळणानं. शब्द सगळे मराठी, चाल मात्र परकी.

मुक्तिबोध बंधूंची मला म्हणूनच वारंवार आठवण येते. घरातली भाषा मराठी. शरच्चंद्र मराठीत कवी झाले, तर गजानन माधव हिंदीत. आमच्या जवळच्या राजनांदगावला, दिग्विजय महाविद्यालयात, गजानन माधव १९५८पासून शिकवत होते आणि शेवटची वर्षं तिथेच लिहीत होते. मोठा कवी कोणत्या भाषेत लिहितो याबद्दल तक्रार नाही. पण घरात बोलली जाते म्हणून ती भाषा लेखणीत आपोआप उतरते, असं मात्र नाही. निदान माझ्या तरी ती उतरत नाही. तिला बोलवावं लागतं.

त्यासाठी मी अभंग ऐकतो. बहुतेक वेळा भीमसेन जोशींच्या आवाजातले. त्यांची मातृभाषा कानडी, तरी मराठी शब्दाचं वजन त्यांच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी पेललं. तुकोबांचं आखूड, ठाम वाक्य आणि चरणाच्या शेवटी येणारा तो विराम अर्धा तास कानात मुरला की दिवसभराची हिंदी मागे सरते.

मात्र लेखणी उचलली की अभंग बंद. शब्दांवर शब्द आदळतात. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये प्रयोग केले होते. डोळ्यांसमोरचे आकडे क्रमानं लक्षात ठेवायचे असताना पाठीमागे कुणी बोलत असेल तर चुका वाढतात. त्याकडे दुर्लक्ष करा असं बजावलं तरी वाढतात. पुढे त्यांना असंही दिसलं, की नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेलं गाणं अधिक अडथळा आणतं. वाक्य जुळवतानाही आपण ते मनात बोलूनच पाहत असतो, त्यामुळे मला हे पटतं.

म्हणून पुढचा तास सुरबहारचा, आणि त्यासाठी मला लांब जावं लागत नाही. सुरबहार वाजवणारे बुधादित्य मुखर्जी भिलाईतच १९५५मध्ये जन्मले. वडील बिमलेंदू मुखर्जी हेच त्यांचे गुरू, इमदादखानी घराण्याचे. बुधादित्यांनी धातुशास्त्राची अभियांत्रिकी पदवी घेतली, ही गोष्ट पोलादाच्या या गावाला शोभणारीच. सुरबहार सतारीपेक्षा मोठं, खर्जातलं वाद्य. एक स्वर ओढला की बराच वेळ टिकतो. आलापात ना शब्द ना ठेका. राग पुढे सरकतो तो एकेक स्वर तपासत, मागे वळून पुन्हा तिथेच येत. परिच्छेद लिहिताना मला हीच गती लागते. तबला सुरू झाला की बोटं घाई करू लागतात, म्हणून गत सुरू होण्याआधीच मी ध्वनिमुद्रण थांबवतो.

संवाद लिहायचे असतील तर मात्र आलापानं भागत नाही. तेव्हा आदल्या संध्याकाळी तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे छत्तीसगढीत गाऊन सांगितलेलं महाभारत. त्या भिलाईजवळच्या गनियारीच्या. बायकांनी बसून गायची रीत मोडून त्या कापालिक शैलीत उभ्या राहिल्या, आणि हातातल्या तंबुऱ्याची कधी भीमाची गदा झाली, कधी अर्जुनाचं धनुष्य. २०१९च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मविभूषण आणि बुधादित्यांना पद्मभूषण मिळालं, याचा इथे राहणारा म्हणून मला फार अभिमान वाटतो. पंडवानीत मी मुख्यतः रागीकडे कान देतो. हा साथीदार मधूनमधून हुंकार भरतो, प्रश्न टाकतो, कथेला पुढे ढकलतो. माझ्या पात्राचं एखादं बोलणं लांबत चाललं की मी तिथे रागी काय विचारील ते ऐकून पाहतो, आणि दुसऱ्या पात्राचं वाक्य बहुधा तिथेच सापडतं.