संशोधनाचा हिशेब पाहणारे माणूस नेमा

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्प कक्षात मी लिपिक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. डीएसटी, डीबीटी, आयसीएमआर, डीआरडीओ, आधी एसईआरबी आणि आता त्याच्या जागी आलेले एएनआरएफ अशा केंद्राच्या सगळ्या अनुदान देणाऱ्या संस्थांकडून येणाऱ्या प्रकल्पांच्या फाइली माझ्या टेबलावरून जात. विद्यापीठांना संशोधनासाठी पैसा कमी मिळतो, ही तक्रार खरीच आहे. पण मिळालेला पैसा वेळेत आणि नियमाने खर्च न झाल्यामुळे परत जातो, पुढचा हप्ता अडतो, यंत्र यायच्या आत प्रकल्पाची मुदत संपते, याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण यात दोष ना पैशाचा आहे ना प्राध्यापकांच्या बुद्धीचा. नियम समजून घेणारे, त्याच कामासाठी नेमलेले माणूस विद्यापीठात नाही, हा दोष आहे.

मंजुरीपत्र आले की विभागात पेढे वाटले जातात. प्राध्यापक पहिले पान वाचतात. रक्कम किती, मुदत किती वर्षे, जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो किती, एवढे त्यावर असते. अटी मागच्या पानांवर असतात. ती पाने म्हणजे सरकारने विद्यापीठाशी केलेला करार आहे. अनुदान प्राध्यापकांच्या नावाने ओळखले जात असले, तरी हिशेबाला जबाबदार संस्था असते. यंत्रसामग्रीच्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, आलेला पैसा रसायनांवर खर्च करायचा, तर आधी परवानगी घ्यावी लागते. अनुदानातून घेतलेले यंत्र देणाऱ्या खात्याला विचारल्याशिवाय विकता येत नाही. डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद लागते आणि वर्षातून एकदा ते यंत्र खरोखर जागेवर आहे का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. हे हिशेब तपासण्याचा अधिकार ‘कॅग’ला असतो. या सगळ्याचे मूळ केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, म्हणजे जीएफआर २०१७ मध्ये आहे. त्यातला नियम २३८ तर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सगळे यूसी म्हणतो, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत गेले पाहिजे, असे तो सांगतो. नाही गेले, तर त्या संस्थेला पुढच्या कोणत्याही सरकारी मदतीसाठी काळ्या यादीत टाकण्याची मुभा मंत्रालयाला आहे. यादीत नाव येईल ते संस्थेचे. एका विभागाच्या यूसीची शिक्षा शेजारच्या विभागाला होऊ शकते.

यूसी अडले की शिक्षा कुणाला होते, हे मी जवळून पाहिले आहे. जीवशास्त्राच्या एका प्रकल्पावर परभणीकडची एक मुलगी जेआरएफ होती. तिची फेलोशिप दिवाळीत थांबली ती होळीपर्यंत आली नाही. काम चालू होते, हजेरी लागत होती, प्रगती अहवाल वेळेवर गेला होता. अडले होते यूसी. त्यात व्याजाचा रकाना कोरा होता. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज केंद्राच्या एकत्रित निधीत परत भरायचे, असा नियम आहे. ते ‘भारतकोश’ पोर्टलवरून भरता येते आणि त्याची पावती यूसीला जोडावी लागते. लेखा विभाग मात्र सगळ्या प्रकल्पांचा पैसा एकाच बचत खात्यात ठेवत असे. त्या खात्यावरचे व्याज कोणत्या प्रकल्पाचे किती, हे सांगायला कोणी तयार नव्हते. ‘आजवर कोणी मागितलं नव्हतं,’ असे उत्तर फाइलवर तीनदा आले. ती मुलगी एकदा माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझ्या कामात काही चुकलं का?’ घरभाडे देण्यासाठी ती तोवर शिकवणीचे वर्ग घेऊ लागली होती. शेवटी बँकेचे उतारे घेऊन मी आणि आमच्या कक्षातल्या एका तरुण सहकाऱ्याने प्रत्येक प्रकल्पाची महिनावार शिल्लक काढली आणि त्या प्रमाणात व्याज वाटले. तिच्या प्रकल्पाच्या वाट्याला आलेले व्याज हजार रुपयांच्या आतले होते. ते भरले, पावती लावली, यूसी गेले. त्यानंतर हप्ता आला.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. ही वाढ मिळावी म्हणून देशभरातले संशोधक विद्यार्थी आंदोलने करत होते. वाढ झाली, चांगलेच झाले. पण जिची फेलोशिप व्याजाच्या रकान्यापायी काही महिने येतच नाही, तिला वाढीचा काय उपयोग?

खरेदीचे दुखणे याहून मोठे आहे. राज्याच्या विद्यापीठात एक यंत्र घ्यायचे तर टेबलावर तीन पुस्तके असतात. पैसा केंद्राचा, म्हणून जीएफआर. विद्यापीठ राज्याचे, म्हणून उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका. आणि विद्यापीठाची स्वतःची लेखा संहिता. तिन्हींतल्या मर्यादा सारख्या नाहीत. कोटेशन कधी पुरे, खरेदी समिती कधी, निविदा कधी, याची तिन्हींची उत्तरे वेगळी. खरेदी विभागातला कर्मचारी लेखा संहितेला धरून बसतो, कारण राज्याचा लेखापरीक्षक त्यालाच जाब विचारणार असतो. दिल्लीचे खाते जीएफआर पाहते. आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. मधल्या प्राध्यापकाला उणे ऐंशी अंशांचा डीप फ्रीझर हवा आहे, कारण नमुने खराब होत आहेत, आणि त्याच्या फाइलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून ती परत येते.

अशा वेळी कोणता नियम वरचढ, हे ठरवून त्याची टिपणी लिहिणारे कोणी असावे लागते. ‘मंजुरीपत्रातील अट अमुक नुसार या खरेदीस जीएफआर लागू, सबब वित्त व लेखा अधिकाऱ्यांची मान्यता घेऊन पुढील कार्यवाही प्रस्तावित’ एवढ्या दोन ओळी. ज्या वर्षी आमच्याकडे या ओळी लिहू शकणारी व्यक्ती होती, त्या वर्षी फाइली चालल्या. तिची बदली परीक्षा विभागात झाली आणि फाइली पुन्हा थांबल्या.

सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलचेही तसेच. तिथे मिळणारी वस्तू तिथूनच घ्या, असा जीएफआरचा नियम १४९ आहे. हवी ती वस्तू तिथे नसेल, तर तसा अहवाल त्याच पोर्टलवरून काढता येतो. त्याला क्रमांक असतो आणि तो फाइलला लावला की बाहेरून खरेदीचा रस्ता खुला होतो. पाच मिनिटांचे काम. हा अहवाल असतो हेच माहीत नसल्यामुळे महिना महिना फाइल फिरवणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. एखादे एन्झाइम एकच कंपनी बनवत असेल, तर त्यासाठी प्रोप्रायटरी प्रमाणपत्र द्यायचे. पुरवठादार भारताच्या जमिनीवरच्या सीमेला लागून असलेल्या देशातला असेल, तर जुलै २०२० पासून त्याची नोंदणी पाहायची. यातले काहीही अवघड नाही. पण कार्बनच्या संयुगांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पाठ असावे, अशी अपेक्षा करणे चूक आहे. आणि ज्याला अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, कोणतेही प्रशिक्षण न देता, प्रकल्प कक्षात बसवले आहे, त्याच्याकडूनही ती करणे चूक आहे.

नियम एका जागी थांबतही नाहीत. शास्त्रीय उपकरणांवर संशोधन संस्थांना असलेली जीएसटीची पाच टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली आणि बहुतेक उपकरणांना १८ टक्के लागू लागले. ज्यांचे अंदाजपत्रक आधीच मंजूर झाले होते, त्यांनी हा फरक कोणत्या हेडमधून भरायचा? कुणाला तरी दिल्लीला पत्र लिहून विचारावे लागले. ज्यांच्याकडे लिहिणारे नव्हते, त्यांनी कमी क्षमतेचे यंत्र घेतले. २०२४ मध्ये आयआयटी दिल्लीला संशोधन अनुदानांवरच्या जीएसटीसाठी सुमारे १२० कोटींची नोटीस आली, तेव्हा सगळ्या देशातले प्रकल्प कक्ष हादरले. सप्टेंबरात जीएसटी परिषदेने सरकारी आणि खासगी अनुदानांतून होणाऱ्या संशोधनाला सूट देण्याची शिफारस केली आणि ऑक्टोबरपासून ती लागूही झाली. जून २०२५ मध्ये केंद्राने शास्त्रीय संशोधनासाठीच्या खरेदीच्या मर्यादा वाढवल्या. कोटेशनशिवाय थेट खरेदी एक लाखावरून दोन लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत पंचवीस लाखांपर्यंत. दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मान्यता देण्याचा अधिकार कुलगुरू आणि संचालकांकडे आला. खास उपकरणांसाठी जेमची सक्तीही सैल झाली.

हे आदेश चांगले आहेत आणि मी त्यांचे मनापासून स्वागत करते. पण आदेश आपल्या पायांनी चालत विद्यापीठात येत नाही. तो कोणत्या संस्थांना लागू आहे, आपल्या विद्यापीठाला कोणत्या अटीवर लागू करता येईल, त्यासाठी व्यवस्थापन परिषदेचा ठराव लागेल का, हे कोणीतरी वाचून मांडावे लागते. सवलत कागदावर मिळाली आणि कक्षात ती वाचणारेच कोणी नाही, तर खरेदी जुन्याच मर्यादेत अडकून राहते.

नियम संशोधनाचा गळा घोटतात, असे प्राध्यापक म्हणतात. त्यात मला तथ्य दिसते. सर्वांत कमी दराचा आग्रह प्रत्येक रसायनाला लावणे चूक आहे. अनेक योजनांत पैसा आता विद्यापीठाच्या खात्यात येत नाही, शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते, आणि ती ३१ मार्चला न वापरली तर जाते. त्या योजनांत व्याजाचा घोळ संपला, पैसा पडून राहणे थांबले, हे बरे झाले. पण परदेशातून यायचे यंत्र आपले आर्थिक वर्ष पाहून जहाजावर चढत नाही. फेब्रुवारीत हप्ता द्यायचा आणि मार्चअखेर खर्च मागायचा, हा अन्याय आहे. दिल्लीने तो थांबवला पाहिजे. तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. हा पैसा लोकांचा आहे. तीन कोटेशन एकाच दुकानातून, एकाच हस्ताक्षरात आलेली मी पाहिली आहेत. न केलेल्या प्रवासाची बिले पाहिली आहेत. नियम कुणाच्या हट्टाने झालेले नाहीत, असल्या अनुभवांतून झाले आहेत. ते नीट पाळणे हे कौशल्याचे काम आहे, आणि कौशल्याच्या कामाला प्रशिक्षित माणूस लागते.

अमेरिकेत हा रीतसर व्यवसाय आहे. विद्यापीठांतल्या संशोधन प्रशासकांची तिथली राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे. प्राध्यापक अर्ज लिहू लागतो तेव्हापासून हिशेब बंद होईपर्यंत एक माणूस त्याच्याबरोबर असतो. भारतातही डीबीटी आणि वेलकम ट्रस्टच्या ‘इंडिया अलायन्स’ने संशोधन व्यवस्थापनासाठी खास उपक्रम सुरू केला. आपल्याकडच्या काही राष्ट्रीय संस्थांत अशी पदे दिसू लागली आहेत. राज्य विद्यापीठांत मात्र प्रकल्प कक्ष म्हणजे कोपऱ्यातली एक खोली, दोन कपाटे आणि दुसऱ्या विभागाला नकोसा झालेला कर्मचारी, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी आहे.

पद निर्माण करायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न दरवेळी विचारला जातो. उत्तर मंजुरीपत्रातच आहे. बहुतेक प्रकल्पांत ‘ओव्हरहेड’ नावाचे हेड असते. प्रकल्प चालवण्यासाठी संस्थेला येणाऱ्या प्रशासकीय खर्चापोटी ती रक्कम मिळते. ती सामान्य निधीत मिसळते आणि रंगरंगोटीत किंवा वीजबिलात जाते. त्यातून आधी माणसे नेमा. जीएफआर, जेम, पीएफएमएस ही केंद्राची निधी-वितरण प्रणाली आणि जीएसटी जाणणारा एक अधिकारी, वाणिज्य शाखेचे दोन प्रशिक्षित साहाय्यक, आणि तिघांचीही परीक्षा विभागात बदली होणार नाही अशी लेखी हमी. वर्षातून दोनदा प्रत्येक विभागात जाऊन नव्या प्रकल्पप्रमुखांबरोबर मंजुरीपत्राचे शेवटचे पान वाचायचे. प्रत्येक प्रकल्पाचा व्याजाचा आणि शिलकीचा तक्ता दर महिन्याला काढायचा, यूसीची मुदत दाराशी आल्यावर नव्हे. सही करणारे तिघे, म्हणजे प्रकल्पप्रमुख, वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव, एप्रिलमध्येच एकदा एकत्र बसले तर निम्म्या फाइली सुटतील.

प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. हेड बदलायचे असेल तर खर्च करण्याआधी पत्र लिहा, नंतर नव्हे. आणि ‘हे कारकुनी काम आहे’ असे म्हणून कक्षातल्या माणसाला उभे ठेवू नका. तुमच्या विद्यार्थ्यांची फेलोशिप त्याच्या टिपणीवर अवलंबून असते.

मार्चमध्ये विद्यापीठांच्या अधिसभांपुढे अर्थसंकल्प येतील. सदस्यांनी त्या दिवशी तीन आकडे मागावेत: गेल्या वर्षी संशोधनाचा किती पैसा न वापरता परत गेला, किती यूसी मुदतीनंतर गेले, आणि ओव्हरहेडच्या रकमेतला किती पैसा प्रकल्प कक्षावर खर्च झाला. हे आकडे मिळाल्याशिवाय अर्थसंकल्पाला मान्यता देऊ नये.